चिंतामणी दिघ्यांचा तीन

माझे सासरे चिंतामणी दिघे यांना कोणी शिवी दिली तरी ते हसून सोडून देतात. पण वाचता न येणारं अक्षर दिसलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. गेल्या वर्षी गोळ्यांचं एक पाकीट घेऊन ते बाजारातल्या मेडिकलवाल्याकडे गेले. रुपेरी कागदावर पांढऱ्या शाईने तारीख छापली होती. म्हणाले, "वाच." त्याने मोबाइलचा टॉर्च लावला. "टॉर्च बंद कर. म्हातारी बाई काय टॉर्च लावून गोळी घेते? तसंच वाच." त्याला वाचता आलं नाही. बाबांनी तिथे उभ्या असलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ते पाकीट फिरवून दाखवलं. तेव्हापासून साध्या क्रोसिनसाठीसुद्धा मला दुसऱ्या आळीत जावं लागतं.

मी त्यांची सून, सई. अकरावी-बारावीच्या मुलांना गणित आणि फिजिक्स शिकवते. रागाच्या बाबतीत मी सासऱ्यांवर गेले आहे, असं माझा नवरा वरद म्हणतो. त्यामुळे पुढचं सगळं शांत डोक्याने लिहिलेलं नाही, हे आधीच सांगते.

बाबांनी चौतीस वर्षं भिवंडीत किनारीवरची नावं बसवली. सुटाच्या कापडाच्या अगदी कडेला, शिवताना आत दुमडून जाते त्या पट्टीवर, कंपनीचं नाव आणि मालाचा नंबर विणलेला असतो. ते छापलेलं नसतं, लूमवर धाग्यानेच विणलेलं असतं. त्याचा नकाशा आधी चौकटीच्या कागदावर काढावा लागतो. एक चौकट म्हणजे एक धागा. पट्टीत धागे मोजके, म्हणून एका अक्षराच्या वाट्याला सात, फार तर नऊ धागे येतात. तेवढ्यात अक्षर ओळखू यायला पाहिजे, आणि तेही साठ रुपये डझनाच्या बल्बखाली उभ्या असलेल्या, बारा तास ड्युटी केलेल्या माणसाला. हे काम बाबा करत. शहरात ते करणारे पाच-सहा जण होते. आता कॉम्प्युटर करतो, आणि बाबांच्या मते वाईट करतो.

गेल्या जानेवारीत क्षितिजा माझ्याकडे आली. कोन गावच्या केसरीनाथ पाटलांची ही मुलगी. बारावीला माझ्याकडे होती. वर्गात पहिली यायची आणि पहिली आल्याबद्दल कोणाची माफी मागायची नाही, म्हणून माझी लाडकी. तिला पायलट व्हायचं होतं. वडप्याला गोदामांच्या रांगेत एका संस्थेने एक शेड भाड्याने घेऊन विमान चालवायला शिकण्याआधीचा पूर्वतयारीचा वर्ग सुरू केला होता. एका बाजूला साबणाचं गोदाम, दुसऱ्या बाजूला टायरचं, आणि मध्ये सहा खुर्च्यांवर बसून डोळ्यांवर व्हीआरचा डबा चढवलेली मुलं विमानं उडवत होती. खऱ्या विमानात बसण्याआधी तिथली परीक्षा पास व्हावी लागते.

त्या दिवशी तिच्यासोबत केसरीनाथही होते. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, आणि चेहरा असा की कोणीतरी भर बाजारात कानफटात मारली आहे.

"सईताई, माझे पोरीला ते लोक आंधली बोलतान," ते म्हणाले.

"तसं नाही लिहिलंय, बाबा," क्षितिजा म्हणाली आणि तिने मोबाइलवरचा फोटो मला दाखवला. संस्थेच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे लाल शाईने लिहिलं होतं: दृष्टी शंकास्पद. पॅनेल वाचताना मान पुढे काढते.

झालं होतं ते एवढंच. परीक्षेत विमान तीन हजार तीनशे फुटांवर ठेवायचं होतं. समोरच्या पॅनेलवर इंग्रजी आकड्यांत उंची दिसते. विमान बरोबर तीन हजार तीनशेवर होतं. हिने तीन हजार आठशे वाचलं आणि विमान खाली घेतलं. एकदा नाही, दोनदा. दहा दिवसांनी पुन्हा परीक्षा होती. तिथे हाच शेरा दुसऱ्यांदा आला की नाव कमी, आणि हातात कारण लिहिलेलं पत्र. असं पत्र फाइलीत लागलेल्या मुलीला पुढे कुठलीही विमानाची शाळा दारात उभं करत नाही.

"तीन डाक्टरांनी डोलं बघलं," केसरीनाथ म्हणाले. "एक कल्यानचा, दोन ठान्याचं. कायपन दोष न्हाय. ते त्यांना दाखवलं, तर बोलतान मशीन फॉरेनची हाय, ती चुकत न्हाय. मग काय माझी पोर चुकली?"

बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते, म्हणजे माझा समज तसा होता. ते बाहेर आले आणि क्षितिजाला म्हणाले, "तीनचा आठ दिसला?"

"हो, काका."

"सहाचा पण दिसतो?"

"कधीकधी. डोकं हलवलं की आकडे लुकलुकतात. म्हणून मी मान पुढे काढून बघते. जवळ गेलं की नीट दिसतं."

"मग तू शहाणी आहेस. मान पुढे काढायला लावणारा गाढव आहे," बाबा म्हणाले आणि शर्ट घालायला आत गेले.

आम्ही चौघं त्याच दुपारी केसरीनाथांच्या गाडीतून वडप्याला गेलो. संस्थेच्या प्रमुखांना सगळे कॅप्टनसाहेब म्हणतात. ते कधीकाळी खरी विमानं चालवायचे म्हणे. गोदामात एसी लावून, निळा गालिचा अंथरून ते अशा थाटात बसले होते की बाहेर साबणाचे ट्रक लागतात याचा त्यांना विसर पडला असावा. बाबांनी डबा डोळ्यांवर चढवून बघायची परवानगी मागितली. "आजोबा, चक्कर येईल," कॅप्टनसाहेब हसून म्हणाले. बाबांनी डबा चढवला.

ते चार-पाच मिनिटं खुर्चीत बसून होते. मान डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे. मग त्यांनी डबा काढला. त्यांच्या कपाळाची शीर मी एवढी फुगलेली फक्त मेडिकलच्या दुकानात पाहिली होती.

"हे आकडे कोणी बसवले?"

"सॉफ्टवेअरमध्ये येतात तसेच आहेत. खऱ्या विमानात असतात हुबेहूब तसे."

"खऱ्या विमानात काच असते. इथे जाळी आहे. बारीक ठिपक्यांची जाळी. मी चौतीस वर्षं जाळीवर अक्षरं बसवली, मला जाळी ओळखू येते. तुमच्या तीनच्या अंगावर मला सहा ठिपके पण मोजून मिळत नाहीत. त्याचं तोंड मिटणार नाही तर काय होईल? वर रेघ केसाएवढी. मान हलली की ती एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर उडी मारते. आणि तुम्ही पोरीच्या डोळ्यांना नाव ठेवता?"

"बाकीची मुलं वाचतात ना," कॅप्टनसाहेब म्हणाले. "चांगल्या पायलटला थोडक्यात कळतं. ज्यांना नाही कळत त्यांना वेळेवर बाजूला काढणं हे माझं कर्तव्य आहे."

मला तेव्हा काय काय बोलावंसं वाटलं ते इथे लिहिता येणार नाही. मी एवढंच विचारलं, "बाकीची मुलं आकडा वाचतात की सवयीने अंदाज करतात, हे तुम्ही तपासलंय?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

मशीन सांभाळणारा मितेश नावाचा एक मुलगा तिथे नोकरीला होता. आम्ही निघालो तेव्हा तो गेटपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "काका, आकडे बदलता येतात. पॅनेलचे आकडे वेगळ्या फाइलीत असतात. दोन वर्षांत मला कोणी विचारलंच नाही."

"तू सांगितलंस का कोणाला?" बाबांनी विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. "हा, तेच," बाबा म्हणाले. "रविवारी डबा घेऊन घरी ये."

त्या रात्रीपासून जेवणाच्या टेबलावर चौकटीचे कागद पसरले आणि आम्ही खाली बसून जेवायला लागलो. बाबांनी एक ते नऊ आणि शून्य, असे दहाच आकडे काढायला घेतले. तीनवर दीड दिवस गेला. रविवारी मितेश हेडसेट आणि लॅपटॉप घेऊन आला, आकडे आत घातले, आणि मी डबा चढवला. तीन स्वच्छ तीन दिसत होता. मी ओरडलेच. मग मान जरा वळवली आणि तीन पुन्हा लुकलुकायला लागला.

बाबांनी स्वतः बघितलं आणि सगळे कागद टराटरा फाडले. मितेश घाबरून उभाच राहिला.

"पुन्हा तेच केलं," बाबा म्हणाले. "हरामखोर चिंतामणी, पुन्हा तेच केलंस."

मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं.

नोकरीला लागले त्या वर्षी बाबांनी किनारीसाठी पहिल्यांदा मालाचा नंबर काढला. त्यात इंग्रजी तीन होता. कागदावर फार देखणा दिसत होता, शेठनेसुद्धा शाबासकी दिली. पण कागदाची चौकट चौरस असते आणि कापडाची नसते. आडवे धागे उभ्यापेक्षा दाटून बसतात, म्हणून उंची चेपते. कापडावर त्या तीनचं तोंड मिटलं आणि त्याचा आठ झाला. घड्या घालायच्या खात्यात रंगूबाई नावाची बाई नंबर वाचून तागे वेगळे लावायची. तिने तीनचा आठ वाचला. दोन प्रकारचा माल एकत्र बांधला गेला आणि गिऱ्हाइकाकडून परत आला. शेठने बाबांना विचारलं, नंबर बरोबर काढला होतास ना? बाबांनी कागद पुढे केला. कागदावर तर तीन ठसठशीत होता. बाबा म्हणाले, "तिला दिसत नसेल." त्याच संध्याकाळी रंगूबाईला घरी पाठवलं.

"चौदा महिन्यांनी त्याच मालाचा एक तुकडा माझ्या हाती आला," बाबा म्हणाले. "भिंग लावून बघितला. आठच होता. मी तिच्या चाळीत गेलो, तर खोलीला कुलूप. गावाला गेली म्हणाले. कुठल्या गावाला ते कोणाला ठाऊक नव्हतं. एका खात्यातून डोळ्यांसाठी काढलेल्या बाईला दुसऱ्या खात्यात कोण घेणार?"

मला त्यांचा राग आला. खरंच आला. इतकी वर्षं ज्या माणसाला मी अक्षरांचा देव समजत होते, त्याने एका बाईच्या डोळ्यांवर खापर फोडून आपली नोकरी वाचवली होती. मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "बोल. मला कोणीच बोललं नाही अजून."

मग त्यांनी नवा कागद घेतला. "जिथे वाचायचं तिथेच बसून काढायला पाहिजे," असं मितेशला सांगून त्यांनी डबा स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि कपाळावर सरकवून एकेक रेघ काढायला लागले. एक रेघ काढली की मितेशने आत घालायची, बाबांनी डबा खाली ओढून बघायचं, मान हलवायची, शिवी द्यायची, रेघ खोडायची. पुढचे चार दिवस मितेश कामावरून सुटला की आमच्याकडे. बाबांनी रेघा दुप्पट जाड केल्या. तीनचं आणि सहाचं तोंड बेढब वाटावं इतकं उघडं ठेवलं. तिरकी रेघ शक्य तिथे काढून टाकली. पॅनेलवर आकड्यांभोवती नक्षीची एक चौकट होती, ती उडवून ती जागा आकड्यांना दिली. मागचा भगभगीत प्रकाश कमी केला. ते आकडे दिसायला कुरूप होते. बाजारच्या पाटीवर कोणी काढले असते तर बाबांनीच त्याला झोडला असता. पण मान कशीही वळवा, ते जागचे हलत नव्हते.

परीक्षेच्या दिवशी आम्ही पुन्हा वडप्याला गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"आधी तुम्ही बसा," ते कॅप्टनसाहेबांना म्हणाले. "जुन्या आकड्यांवर. मान खुर्चीला टेकवून."

तिथे बाकीची मुलंही जमली होती, त्यामुळे कॅप्टनसाहेबांना नाही म्हणता येईना. ते बसले. मितेशने विमान मधूनमधून वेगळ्या उंचीवर नेऊन ठेवलं आणि कॅप्टनसाहेबांनी आकडा मोठ्याने वाचायचा. दहापैकी चार चुकले. आठव्या वेळी त्यांची मान आपोआप पुढे गेली आणि मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग नव्या आकड्यांवर क्षितिजा बसली. दहापैकी दहा. त्यानंतर तिने पूर्ण परीक्षा दिली आणि विमान तीन हजार तीनशेवर असं धरून ठेवलं की केसरीनाथ पडद्याकडे बघत रुमालाने घाम पुसत राहिले.

कॅप्टनसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. "उत्तम! हे आकडे आपण ठेवून घेऊ. आणि हिचा शेरा मी खोडतो." त्यांनी रजिस्टर मागवलं, लाल रेघ मारली, सही केली. "विषय संपला."

क्षितिजा टेबलाजवळ उभी होती. तिने ते रजिस्टर मागे उलटलं. मग आणखी मागे.

"सर, हा शेरा अजून अकरा जणांना आहे," ती म्हणाली.

आम्ही सगळे वाकलो. दृष्टी शंकास्पद. दृष्टी शंकास्पद. तेच अक्षर, तीच लाल शाई, दोन वर्षांची. अकराही नावांपुढे पुढच्या रकान्यात लिहिलं होतं: कमी केले.

"ती मुलं केव्हाच गेली," कॅप्टनसाहेब म्हणाले. "त्यांचं आता काय?"

"त्यांचे पण खोडा. आणि प्रत्येकाला तसं पत्र द्या."

"तुझं काम झालंय. नसेल पटत तर तुझा निकाल मी थांबवू शकतो."

"थांबवा," क्षितिजा म्हणाली.

"पोरी, आपला झाला ना? चल घरा," केसरीनाथ पुटपुटले. ती हलली नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग एक खुर्ची ओढली आणि टेबलासमोर बसकण मारली. "बरा. मग मी बी बसतो हितं."

बाबांनी टेबलावरचं लाल पेन उचललं आणि रजिस्टरचं कोरं पान काढलं. "कॅप्टनसाहेब, तुमचं पूर्ण नाव सांगा. दहापैकी चार चुकले, मान पुढे काढली. मितेशच्या मशीनमध्ये सगळं नोंदलेलं आहे. बारावा शेरा तुमचा लिहितो. की त्या अकरांवर सही करता?"

मुलांनी मोबाइल वर केले होते. कॅप्टनसाहेबांचं तोंड त्या रजिस्टरच्या शाईएवढं लाल झालं. त्यांनी अकरा रेघा मारल्या, अकरा सह्या केल्या आणि अकरा पत्रांचा मजकूर मी तिथेच बसून टाइप केला. अक्षर मोठं ठेवलं.

दहा पत्रं पोस्टाने गेली. अकरावं बाबांना स्वतः द्यायचं होतं, कारण रजिस्टरमधलं पहिलं नाव तेच होतं. रामनाथ भोईर, पडघा. दोन वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने पडघ्याला गेलो. घरच्यांनी सांगितलं, रामनाथ हायवेच्या गोदामात आहे. तिथे तो हातात यादी घेऊन ट्रकमधून उतरणारे खोके मोजत होता. चोवीस-पंचवीस वर्षांचा असेल. डोळ्यांवर जाड फ्रेमचा चष्मा.

बाबांनी पत्र दिलं आणि सगळं सांगितलं. आकडे वाईट होते, तुझे डोळे नाही. त्याने पत्र दोनदा वाचलं.

"चश्मेवाला पण बोललेला नंबर एकदम कमी हाय," तो म्हणाला. "मीच बोललो, द्या. एवढ्या मोठ्या मानसानं लिवलंय तर काय तरी असंलच ना."

त्याने चष्मा काढला आणि गोदामाच्या पार टोकाला उभ्या असलेल्या ट्रककडे पाहिलं. मग त्या ट्रकचा नंबर वाचला, एकेक आकडा सुटा सुटा करून. मला तिथून फक्त ट्रकचा रंग दिसत होता.

"पुन्हा जा तिथे," बाबा म्हणाले. "मी येतो तुझ्यासोबत. भांडतो. तुला घ्यायला लावतो."

"आता कुठं काका. लगीन झालं, पोरगी हाय." आतून मुकादमाने त्याच्या नावाने हाक मारली. त्याने पत्राची चार पदरी घडी करून खिशात घातली आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"अरे, आता कशाला लावतोस तो?" बाबा जवळजवळ ओरडले.

"सवय झाली," रामनाथ म्हणाला आणि खोके मोजायला गेला.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामांच्या पाट्या जात होत्या, वाकड्या, मिटलेल्या, एकावर एक चढलेल्या. एरवी ते प्रत्येक पाटीला नाव ठेवतात. त्या दिवशी त्यांनी एकाही पाटीकडे पाहिलं नाही. वडप्याच्या जवळ आल्यावर म्हणाले, "सई, रंगूबाईला पण कोणीतरी चष्मा दिला असेल का गं?"